जमाबाईचा चेहरा

वीज नियंत्रण केंद्राच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला एक खिडकी होती. तिच्यामागे एक बाई बसायची आणि दिवसातून दोनशे वेळा एकच वाक्य म्हणायची, "जमा करा." त्यावरून तिला जमाबाई हे नाव पडलं. लोक आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि पुढे पुढे तर तीच फोन उचलून "हां, जमाबाई बोलतेय" असं सांगायची.

आसपासच्या नऊ शहरांची वीज कुठून कुठे वळवायची ते या केंद्रातल्या एका मोठ्या दालनात ठरायचं. भिंतभर पडदा, त्यावर लाल-हिरव्या रेषा, समोर कानाला फोन लावून बसलेले अभियंते. तिथे कुणी वाकडं बोट घातलं असतं तर नऊ शहरांतले दवाखाने, नळ, सिग्नल सगळं एका दमात बंद पडलं असतं. म्हणून आत जाणाऱ्याने अंगावरच्या वस्तू खिडकीत ठेवायच्या, असा नियम. जमाबाईच्या पाठीमागे एकशे वीस लाकडी खण होते आणि तितकेच पितळी बिल्ले. वस्तू खणात, बिल्ला माणसाच्या हातात. बावीस वर्षांत एकाचीही वस्तू दुसऱ्याला गेली नाही, हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

एकदा क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी एका अभियंत्याने जेवणाच्या डब्याच्या तळच्या कप्प्यात रेडिओ लपवला होता. तिने डबा नुसता हातात घेऊन म्हटलं, "आज जेवण काहीच वाजत नाही. रोज चमचा वाजतो." त्याने मुकाट्याने डबा उघडला. अशी ती होती. लोक तिच्यावर वैतागायचे, पण कुणी तिला चुकवून आत जायचा विचार करत नसे.

काय काय जमा करायचं त्याची यादी भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेली होती. टंकलेखन यंत्रावर टाइप केलेली : कॅमेरा, दुर्बीण, रेडिओ, टेपरेकॉर्डर, आणि शेवटी 'तत्सम उपकरणे'. त्याखाली कुणीतरी नंतर निळ्या शाईने 'मोबाइल' असं लिहिलं होतं. त्यानंतर त्या यादीला कुणाचा हात लागला नाही.

घोडं अडलं ते घड्याळांपाशी. एक दिवस एका तरुण अभियंतीने फोन खिडकीत ठेवला, बिल्ला घेतला, चार पावलं गेली आणि मनगट तोंडाशी धरून म्हणाली, "आई, मी आत चाललेय गं, मग बोलते."

जमाबाईने तिच्या मनगटाकडे बघितलं, मग खणातल्या फोनकडे.

"ओ मॅडम, कुणाशी बोललात?"

"आईशी."

"फोन तर माझ्याकडे आहे."

"घड्याळात वेगळं सिम असतं, जमाबाई."

"मग घड्याळ जमा करा."

अभियंती हसली. "यादीत कुठे आहे घड्याळ?"

यादीत नव्हतंच. जमाबाईने तिला आत जाऊ दिलं, पण ती दुपार तिला गोड लागली नाही.

तिचा नवरा एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा त्याचा पोटाचा धंदा, आणि घरी आल्यावरही तो सुटायचा नाही. जमाबाईने अर्ज लिहायला घेतला तसा तो शेजारी येऊन बसला.

"अहो, नुसतं बघा. काही बोलू नका," ती म्हणाली.

"'मनगटी घड्याळ' असं नको लिहूस. साधं घड्याळही त्यात येईल. आणि मला सांग, यादीत 'तत्सम' आहे ना?"

"आहे."

"तत्सम म्हणजे त्याच्यासारखं. त्या एका शब्दात सगळं बसतं. ज्याने ती यादी लिहिली तो शहाणा माणूस होता."

अर्ज गेला. सुरक्षा अधिकाऱ्याने तो वाचला आणि म्हणाला, "वरून आलं की करू." हा गृहस्थ वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती त्याला सुखाने काढायची होती. काहीही विचारलं तरी तो 'वरून आलं की' म्हणायचा, त्यामुळे त्याला सगळे वरूनसाहेब म्हणायचे. दोन महिन्यांनी उत्तर आलं : विषय विचाराधीन आहे.

मधल्या काळात केंद्राच्या कल्याण विभागाने 'रोज दहा हजार पावलं' अशी स्पर्धा घेतली आणि पहिल्या वीस जणांना तीच घड्याळं बक्षीस दिली. मुख्य अभियंत्याच्या हस्ते.

एका सुट्टीच्या दुपारी जमाबाईची मुलगी माहेरी आली. ती विमा कंपनीत कामाला होती आणि नुकतीच पळायला लागली होती. तिने आईला फोन दाखवला. नकाशावर एक लाल दोरा वळसे घेत गेलेला.

"बघ, आज एवढं पळाले. आणि हे बाकीच्यांचे. ज्यांनी लपवलेलं नाही त्यांचं सगळ्यांना दिसतं."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना. जगात कुणालाही."

जमाबाईने चष्मा पुसला. "आमच्या ऑफिसकडे ने बघू."

मुलीने नकाशा सरकवला. केंद्राच्या जागी नकाशात नुसता हिरवा ठिपका होता. ना नाव, ना इमारत. पण त्या हिरव्यावर लाल रेषांचं जाळं पसरलं होतं. जमाबाईला ते वाचायला कुणाची मदत लागली नाही. ही कुंपणाच्या कडेने जाणारी जाड रेषा म्हणजे पहारेकऱ्यांची फेरी. ही उपाहारगृहाची वाट. आणि ही बारीक रेषा, जी मुख्य इमारतीतून निघून आवाराच्या कोपऱ्यात जाते, शेजारी लिहिलेल्या वेळांप्रमाणे रोज पावणेसहाला जाते आणि साडेसहाला परत येते...

कोपऱ्यात एक बिनपाटीची इमारत होती. मुख्य दालन कधी बंद पडलं तर सगळा कारभार तिथून चालवायचा, अशी ती राखीव जागा. तिचं नाव घरीही काढायचं नाही असं प्रत्येकाकडून लिहून घेतलं होतं. जमाबाईने बावीस वर्षांत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि इथे कुणी दहा हजार पावलांच्या नादात तिचा रस्ता वेळापत्रकासह जगाला काढून दिला होता.

"या रेषेवर बोट ठेवलं की माणूसही दिसतो," मुलगी सहज म्हणाली. "हा बघ, फोटो. आणि रोज सकाळी कुठून पळायला निघतो तेही. म्हणजे घरच की." मग तिने आईच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं गं? तिथे काय आहे?"

"काही नाही. गोदाम आहे," जमाबाई म्हणाली.

पोटच्या पोरीशी खोटं बोलावं लागलं याचाच तिला जास्त राग आला. ज्याला कळायला नको त्याला सगळं कळत होतं, आणि शपथ मोडायची नाही म्हणून ती घरात गोदाम सांगत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती वरूनसाहेबांसमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही कुणाच्या फोनवर बघितलंत?"

"मुलीच्या."

"म्हणजे केंद्राची माहिती तुम्ही घरी उघड केलीत."

"मी? साहेब, ती उघडी पडलीय म्हणून तर सांगायला आले!"

"ते मला कळतंय हो. पण लेखी दिलंत तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील. माझं ऐका, थोडं सबुरीने घ्या."

आठवड्याभराने सूचना फलकावर एक कागद लागला : कर्मचाऱ्यांनी आपापल्या उपकरणांमधील सेटिंग्ज स्वेच्छेने तपासाव्यात. शेजारीच पावलांच्या स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीची जाहिरात होती, चौरंगी. कागदाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

जमाबाईने आठ दिवस वाट बघितली. नवव्या दिवशी तिने खिडकी उघडली आणि पहिल्याच माणसाला म्हणाली, "घड्याळ जमा करा."

"कुठल्या नियमाने?"

"तत्सम." तिने यादीकडे बोट दाखवलं.

तीन दिवस फाटकाशी रांग लागली. लोक कुरकुरले, चिडले, पण घड्याळं ठेवली. बिल्ले कमी पडायला लागले तेव्हा तिने पुठ्ठ्याचे कापून केले. बऱ्याच महिन्यांनी तिला आपण कामावर आहोत असं वाटत होतं. चौथ्या दिवशी मुख्य अभियंता आला.

"हे माझ्या हृदयासाठी आहे," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय. ठोके मोजतं."

"मोजू दे ना साहेब. पण मोजून कुठे पाठवतं?"

"म्हणजे?"

"ठोके तुमचे, आकडे दुसऱ्याच्या घरी. तुम्ही आत कुठे बसता, किती वाजता उठता, कुठे जाता, सगळं त्याच्यासोबत जातं. नुसतं ठोके मोजणारं साधं यंत्रही मिळतं. मी माझ्या यजमानांसाठी आणलंय. पाहिजे तर दुकान सांगते."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तेच नडलं. मुख्य अभियंत्याने घड्याळ काढलं नाही, खिडकीसमोरून तसाच आत गेला, आणि अकरा वाजता तिच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. 'तत्सम या शब्दाचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त सक्षम प्राधिकाऱ्यास आहे' असं त्यात होतं. नवऱ्याने ती नोटीस दोनदा वाचली. 'प्राधिकाऱ्यास' बरोबर लिहिलंय, एवढंच त्याला चांगलं म्हणता आलं.

खुलासा देऊन झाला. मग एक समिती आली. तिघेजण होते. त्यांनी एक दिवस फाटकाची पाहणी केली, तीन वेळा चहा घेतला, जमाबाईला दहा मिनिटं प्रश्न विचारले. तिला वाटलं, चला, कुणीतरी ऐकतंय. तिने नकाशा, रेषा, कोपऱ्यातली इमारत, सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. अहवालात आलं ते असं : खिडकीवरील तपासणी व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून असल्याने वाद उद्भवतात, सबब ती बंद करून आधुनिक चेहरा-ओळख यंत्रणा बसवावी.

एका खाजगी कंपनीला काम मिळालं. लाकडी खण निघाले, लोखंडी कपाट आलं. ज्याने त्याने आपला फोन आपणच ठेवायचा. ठेवला की नाही हे बघायला आता कुणी नव्हतं. फाटकावर काचेचे दरवाजे आले आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं की ते तोंड बघून उघडणार होते. जमाबाईची बदली आवक-जावक विभागात झाली.

कंपनीची माणसं सगळ्यांचे चेहरे घ्यायला आली. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, वर बघा, चष्मा काढा. मग दहाही बोटं. मग एक लांबलचक अर्ज : घरचा पत्ता, घरात कोण कोण, ड्यूटीच्या वेळा, आपत्कालीन माहिती म्हणून आजार आणि औषधंसुद्धा.

"हे सगळं कुठे ठेवणार तुम्ही?" जमाबाईने विचारलं.

"क्लाउडवर, मॅडम."

"म्हणजे कुठे?"

तो माणूस घुटमळला. "म्हणजे... तसं एका जागी नसतं ते."

"अहो, माझ्याकडे एकशे वीस खण होते. कुठली वस्तू कुठल्या खणात आहे ते मी डोळे मिटून सांगायचे. तुम्हाला डोळे उघडे ठेवूनही सांगता येईना?"

"सगळं सुरक्षित आहे, मॅडम. काळजी करू नका."

"बरं. मग पावती द्या."

"कसली पावती?"

"चेहरा जमा केल्याची. वस्तू घेतली की बिल्ला द्यायचा असतो."

त्याला ती थट्टा वाटली. तो मनापासून हसला आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावलं. सही केली नसती तर उद्यापासून फाटक उघडलं नसतं, म्हणून तिने सही केली आणि खाली लिहिलं : 'नाइलाजाने'. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "इ ऱ्हस्व काढलीस ना?"

"आता तुम्हीपण चालू होऊ नका," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या जरा जोरातच ठेवला.

आठ महिन्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. मुख्य अभियंत्याने कागद वाचून दाखवला. कंपनीने ज्या दुसऱ्या कंपनीकडे माहिती ठेवायला दिली होती, तिने ती तिसरीकडे ठेवली होती, आणि तिथून 'काही कर्मचाऱ्यांची काही माहिती अनधिकृत व्यक्तींच्या हाती गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही'. सर्वांनी तातडीने आपापले पासवर्ड बदलावेत.

जमाबाई उभी राहिली. "साहेब, चेहऱ्याचा पासवर्ड कसा बदलायचा?"

सभागृह हसलं. मुख्य अभियंताही हसला. तिला हसू येत नव्हतं. ती खरंच विचारत होती. उत्तर मिळेल म्हणून आणखी थोडा वेळ उभीच राहिली, आणि मग शेजारणीने पदर ओढला म्हणून खाली बसली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका सुट्टीच्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला, घरच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. गोड, अदबशीर.

"नमस्कार ताई. चेहरा नोंदणी विभागातून बोलतेय. तुमची नोंद ताजी करायची होती." तिने जमाबाईचं पूर्ण नाव सांगितलं. पत्ता सांगितला. "तुमच्या यजमानांची साखरेची गोळी अजून सकाळचीच आहे ना? तब्येत बरी आहे ना त्यांची?"

गोळीचं जमाबाईने फक्त कंपनीच्या त्या लांबलचक अर्जात लिहिलं होतं. तरी ती "हूं" म्हणाली.

"छान. आणि एकच, ताई. फाटकावरची पाळी अजून दोनलाच बदलते ना? की नवीन यंत्र आल्यापासून वेळ बदलली? आमच्याकडे दोन वेगवेगळ्या वेळा दिसताहेत."

"तुमचं नाव काय?" जमाबाईने विचारलं.

"ताई, मी विभागातून—"

"नाव सांगा. ओळखपत्राचा नंबर सांगा. मी लिहून घेते."

फोन बंद झाला. तिने पडद्यावरचा नंबर छापखान्याच्या रद्दी कागदावर लिहिला. घाईत सात आणि एक सारखेच आले. ते तिने पुन्हा लिहिले.

ती तडक पोलीस ठाण्यात गेली. नवराही चप्पल घालून मागे निघाला. ठाण्यातल्या हवालदाराने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "किती पैसे गेले?"

"पैसे नाही गेले."

"खात्यातून काहीच नाही?"

"नाही हो. तिने पैशाचं नावच काढलं नाही. तिने पाळीची वेळ विचारली. वीज केंद्राच्या पाळीची!"

"मग तक्रार कसली घेऊ?" त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यालाही वैताग आलेला दिसत होता. "बघा तुम्हीच. इथे 'गेलेली रक्कम' भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. शून्य घेत नाही. एक टाकू का?"

"खोटं कसं टाकायचं?"

"मग ॲपवरून करा घरी जाऊन. तिथे कदाचित वेगळा फॉर्म असेल."

त्याने तिच्या फोनवर ॲप उतरवून दिलं. उघडल्या उघडल्या ॲपने परवानगी मागितली : फोटो, संपर्क, तुम्ही कुठे आहात ते, माइक. जमाबाईने ती यादी मोठ्याने वाचली आणि फोन पिशवीत टाकला.

"कागद द्या," ती म्हणाली. "हाताने लिहिते. आणि शिक्का मारून पोचपावती घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

ती दोन तास हलली नाही. नवऱ्याने अर्ज सांगितला, तिने लिहिला, एकही खाडाखोड नाही. शिक्का मिळाला.

अर्जाचं काही झालं नाही असं म्हणता येणार नाही. चार दिवसांनी साध्या कपड्यांतले दोघे घरी आले, तिला दोन तास प्रश्न विचारले, तो रद्दी कागद पाकिटात घालून नेला. असे फोन आणखी अकरा जणांना आले होते हे त्यांच्या बोलण्यातून तिला उमगलं. त्यातल्या कितींनी उत्तर दिलं हे त्यांनी सांगितलं नाही. "याविषयी कुणाशी बोलू नका," असं मात्र बजावलं. केंद्रात पाळी बदलायची वेळ दोनवरून सव्वातीन केली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा दोनवर आली, कारण सव्वातीनला बस नव्हती.

पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली. निरोपाच्या वेळी भाषणं झाली, तिच्या चोख कामाचं कौतुक झालं, आणि मुख्य अभियंत्याने तिला भेट म्हणून पावलं मोजणारं घड्याळ दिलं. ती खोक्यासकट घरी घेऊन आली आणि कपाटाच्या माथ्यावर टाकून मोकळी झाली.

निवृत्तिवेतन चालू राहायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो. आपण जिवंत आहोत हे पूर्वी कचेरीत जाऊन सही करून सांगायचं. आता फोनसमोर चेहरा धरायचा. जमाबाईने खिडकीच्या उजेडात चेहरा धरला. डोळे मिचकवा. मिचकावले. मान हलवा. हलवली. 'चेहरा जुळत नाही.' चष्मा काढून, चष्मा घालून, केस मागे घेऊन, सकाळी, दुपारी, आठ दिवस हाच खेळ चालला. मुलीने करून बघितलं. नवरा म्हणाला, "जरा हसून बघ. नोंदीतल्या फोटोत कदाचित हसत असशील."

"कंपनीने चेहरा घेतला त्या दिवशी मी हसेन का हो?" ती म्हणाली.

शेवटी मदत क्रमांकावरून सांगितलं, प्रत्यक्ष कार्यालयात जा. कार्यालय म्हणजे केंद्रच. लेखा विभाग फाटकाच्या बाहेरच्या बाजूला, वेगळ्या इमारतीत. त्या इमारतीकडे जाताना तिला काचेच्या दरवाजांवरून जावं लागलं. ती थांबली नव्हती, नुसती पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात यंत्राने हिरवा दिवा लावला, टुणकन आवाज केला, आणि दोन्ही काचा बाजूला सरकल्या.

निवृत्त होऊन तेरा महिने झाले होते.

ती उघड्या दारासमोर उभी राहिली. पहारेकरी नवा होता, आपल्या फोनमध्ये मान घालून बसलेला. "अहो, हे दार उघडलं," ती म्हणाली. त्याने वर न बघता म्हटलं, "हिरवा आलाय ना? मग जा की आत."

ती आत गेली. का गेली हे तिला नीट सांगता आलं नसतं. राग होता, आणि कुणीतरी अडवेल असंही मनातून वाटत होतं. तिची खिडकी जिथे होती तिथे झाडाची कुंडी होती. पिशवीत फोन तसाच होता. दुसरं दार आलं, तेही उघडलं. लांब मार्गिकेत दोन माणसं समोरून गेली, त्यांनी तिला मान लवून वाट दिली. मार्गिकेच्या टोकाला काचेपलीकडे ते मोठं दालन होतं. भिंतभर पडदा, लाल-हिरव्या रेषा, नऊ शहरं. बावीस वर्षं त्याची राखण केली, पण इतक्या जवळून ते तिने कधी बघितलं नव्हतं. तिचं काम बाहेर होतं.

तिथे ती मिनिटभर उभी राहिली असेल. मग मागे फिरली, सरळ सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत गेली. वरूनसाहेब केव्हाच घरी बसले होते. खुर्चीत एक तरुण, चटपटीत माणूस होता. तिने आपण कोण, कशासाठी आलो, काय झालं ते सांगितलं.

त्याने सगळं ऐकलं. "म्हणजे तुम्ही निवृत्त आहात आणि दालनापर्यंत गेलात?"

"तेच तर सांगतेय! माझं तोंड अजून तुमच्या यंत्रात आहे. ते काढा. माझं एकटीचंच आहे की सगळ्या जुन्या लोकांची आहेत ते बघा. माझा चेहरा आणखी कुणाकुणाकडे गेलाय ते तर तुम्हालाही माहीत नाही."

"मॅडम, एक मिनिट. विनापरवानगी प्रतिबंधित भागात प्रवेश हा गुन्हा आहे, माहितीय ना तुम्हाला?" त्याने एक छापील कागद पुढे सरकवला. "आधी यावर लेखी खुलासा द्या. फोन बरोबर होता की नाही तेही लिहा. यंत्रणेचं मी कंपनीला मेल करतो."

जमाबाईने कागदाकडे बघितलं, मग त्याच्या मनगटाकडे. तिथे काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं. तिने पेन मागून घेतलं आणि खुर्ची ओढून खुलासा लिहिला. घरी यायला पाच वाजले. हयातीचा दाखला राहूनच गेला.

नवऱ्याने तिच्याकडची प्रत वाचली. या वेळी त्याने एकही चूक काढली नाही. "मग, काढलं का तुझं तोंड त्या यंत्रातून?" त्याने विचारलं.

"कंपनीला मेल केलाय म्हणतात."

"पण काढलं हे आपल्याला कळणार कसं?"

तिनेही परतीच्या बसमध्ये हाच विचार केला होता. कळायचं तर पुन्हा त्या दारासमोर जाऊन उभं राहायला हवं. दार उघडलं नाही तर काढलं, उघडलं तर नाही काढलं. आणि उघडलं तर आणखी एक खुलासा. अर्ज केला तर उत्तर येईल, विषय विचाराधीन आहे.

"नाही कळणार," ती म्हणाली आणि गॅस पेटवायला उठली.